चौदाशे भरत्यांची दोरी

सातपाटीतल्या जमना तामोरेला वाचता येतं, असं कुणी सांगितलं तर ते निम्मं खरं धरावं. तिला एक पुस्तक वाचता येतं. एकच. त्या पुस्तकात जे अक्षर जिथे बसलंय तिथे ते तिला लांबूनही ओळखू येतं, जसा बाजारात पाठमोरा चाललेला भाचा ओळखू येतो. तेच अक्षर वर्तमानपत्रात भेटलं, की मात्र ती चष्मा पुसते आणि म्हणते, "हा कोण बाबा? आपल्यातला नाय वाटत."

ते पुस्तक सुक्या बोंबलाच्या डब्यात असतं. डब्यातून बोंबील काढल्याला वीस वर्षं झाली, पण वास काही घर सोडत नाही. पुस्तकाचं नाव 'चौदाशे भरत्या'. लिहिणारा एकनाथ तामोरे, म्हणजे जमनेचा धाकटा दीर. आता तो नाही. पुस्तकाच्या खाली एक सुताची दोरी गुंडाळून ठेवलेली आहे. पंधरा वाव लांब. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे बघा केवढी. आणि सगळी गाठींनी भरलेली.

आधी दोरीचं सांगायला हवं, कारण पुस्तक दोरीतूनच निघालं.

जमना सत्तावीस वर्षांची होती. नवरा चिंतू, होडीचा तांडेल, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. घरात मात्र नव्हता. डाव्या हाताची करंगळी दोरात सापडून वाकडी झालेली. गाणं कुठलंही असो, चाल एकच. आणि कोथिंबीर ताटात दिसली की असा उठायचा जशी काय पानात गोमच निघाली. दिवाळी उलटली आणि चिंतू तिघांना घेऊन दर्यात गेला. चौथ्या दिवशी यायचा होता. मधे वारा फिरला. होडी आली नाही, फळी आली नाही, माणूसही आला नाही.

सातपाटीची खाडी उथळ. ओहोटी लागली की नुसता चिखल. होडी आत शिरायची तर भरतीलाच शिरणार. म्हणून जमना भरतीला धक्क्यावर जाऊन उभी राहायची. भरती काय घड्याळ बघून येत नाही. पुनवेला भर दुपारी येते, मग रोज पाऊण-पाऊण तास सरकत जाते. तिच्यापाठोपाठ रात्रीची दुसरी. जमना दोन्हींना जायची. भाकरी तव्यावर असली तर सासू उलटायची. परत आली की दोरीला एक गाठ मारायची. पुनवेला आणि अवसेला एक मोठी गाठ.

"हे कशाला गं?" सासूनं विचारलं.

"आला की दाखवीन त्याला. बघ म्हणीन, किती वेळा उभं केलंस मला."

भांडायची तयारी होती ती.

दोन वर्षं गेली. बाकीच्या तिन्ही घरांनी आपापली क्रियाकर्मं उरकली. जमनेची दोरी लांबत चालली. एकदा सासूनं धाकट्या लेकाला, एकनाथला, गाठी मोजायला बसवलं. तो तेव्हा नुकता बोईसरच्या कंपनीत लागला होता. त्यानं मोजल्या, तेराशे सत्त्याण्णव. सासू म्हणाली, "तीन कमी हायत. हिला ताप भरलेला तवा मी जाऊन आलेली. माझी बोटं वळली नाय म्हणून गाठी राहिल्या." एकनाथनं तिथल्या तिथे तीन गाठी मारल्या. चौदाशे झाल्या. मग म्हातारीनं दोरी आपल्याकडे ओढून घेतली आणि सुनेला म्हणाली, "आता तू टोपली उचल. भरती मी बघते."

तिच्या ओट्यावरून खाडीचं तोंड दिसायचं. मरेपर्यंत म्हातारी तिथे बसून होती. जमनेनं मासळीची टोपली उचलली, पालघरच्या बाजारात जागा धरली आणि गिऱ्हाइकांशी अशी भांडायला शिकली की नवऱ्यासाठी साठवलेलं सगळं तिथे कामी आलं.

आता एक रीत आहे. दर्यात गेलेला माणूस हाती लागला नाही, तर बारा वर्षं वाट बघायची. बारा वर्षांनी गवताचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोच्या बांगड्या उतरवायच्या. बारावं वर्ष लागलं तसे भाऊबंद ओट्यावर येऊन बसले. चहा प्यायले. गवत कुठलं, दिवस कुठला, हेही बोलून घेतलं. जमना आतून ऐकत होती. हिरव्या बांगड्या हातात होत्या, त्या तिनं कोपरापर्यंत मागे सारल्या.

एकनाथ पुढे झाला. "चार महिने थांबा," म्हणाला.

"चार महिन्यांनी काय होणार हाय?"

"ते मला पण ठाव नाय. पण थांबा."

एकनाथची कंपनी रंगाची. घरी आला की हातांवरून कळायचं, आज निळा होता की लाल. तीन पाळ्यांत जीव विभागलेला, आणि उरलेल्या वेळात हा माणूस गोष्टी लिहायचा. त्या वर्षात टीव्हीवर 'नक्षत्रबंदर' नावाची मालिका लागायची. लांब आभाळात एक पाण्याचा गोळा, त्यावर बंदर, आणि तिथून ताऱ्यांकडे गलबतं जातात, अशी गोष्ट. सातपाटीनं ती मालिका कौतुकानं बघितली, आणि गलबत धक्क्याला लावायची तऱ्हा चुकीची आहे म्हणून नावंही ठेवली. तेराव्या भागात कप्तान रुद्रसेन एकटाच गलबत घेऊन गेला तो परत आलाच नाही. गोष्टीत काही कारण नव्हतं. नटाला सिनेमा मिळाला होता. चौदाव्या भागात दुसरा कप्तान आला, आणि पहिल्याचं नावही कुणी काढलं नाही.

मालिका चालली म्हणून मुंबईच्या एका प्रकाशकानं तिच्यावरून बारीक बारीक कादंबऱ्या काढल्या. एसटी स्टँडवर मिळायच्या. एकनाथनं पत्र घातलं, मला लिहू द्या. प्रकाशकाला लिहिणारे हवेच होते. एकनाथनं चार लिहिल्या. तिसरी ही, 'चौदाशे भरत्या'. रुद्रसेनाचं पुढे काय झालं, ते कुणीच सांगत नव्हतं. एकनाथनं सांगितलं. तो भरकटला. त्याच्याजवळ काचेची एक नळी होती, नळीत बंदराचं पाणी. तिकडे बंदरावर भरती आली की इकडे नळीतलं पाणी चढायचं. ते चढलं की रुद्रसेन दोरीला एक गाठ मारायचा. अशा चौदाशे गाठी मारल्या, आणि चौदाशेव्या भरतीला तो बंदरात शिरला.

नाव रुद्रसेन. पण करंगळी वाकडी. गाण्याची चाल एकच. आणि घरी आल्यावर बायकोनं वाढलेल्या कालवणातली कोथिंबीर तो एकेक करून ताटाच्या कडेला लावतो. एकनाथनं ते पान वाचून दाखवलं तेव्हा जमना सुके बोंबील निवडत होती. हात थांबले.

"परत वाच," म्हणाली.

त्यानं वाचलं.

"उठला नाय पानावरून?"

"नाय वैनी. इतक्या वर्षांनी आला ना, म्हणून कडेला लावली."

भाऊबंद पुन्हा आले तेव्हा जमनेनं त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं. "माझा माणूस आलाय. वाचा." त्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. एक जण म्हणाला, "जमने, ही गोष्ट हाय." जमना म्हणाली, "मला कळते गोष्ट हाय ती. मी खुळी नाय. पण एकीकडे आलेला असताना दुसरीकडे जाळू कसा?" पुतळा राहिला तो राहिलाच. आणि मग ते पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणून जमना जावेकडून अक्षरं शिकली. जाऊ, एकनाथची बायको मंजुळा, सातवी पास. तीन वर्षं लागली. मंजुळा आजही सांगते की दगडाला पाझर फोडायला तिला तेवढी लागली. जमना सांगते की मास्तरीणच कच्ची होती.

आता जमना सत्तरीपार. एकनाथ जाऊन नऊ वर्षं झाली. घरात दोघी जावा, मंजुळेचा नीलेश आणि त्याचं बिऱ्हाड. एक दिवस नीलेश फोन पुढे धरून म्हणाला, "मोठीआई, नक्षत्रबंदर परत येतंय. नवीन. फोनवर."

"परत येतंय म्हणजे? तेच?"

"तेच, पण पयल्यापासून नीट करून. तेरा भाग जुने धरलेत, पुढचं सगळं बदललंय."

पुढचं बदललं म्हणजे असं. नव्या गोष्टीत रुद्रसेन गेल्यावर बरोब्बर दोन वर्षांनी बंदर उठतं. पाणी आटायला लागतं, आणि सगळी माणसं दुसऱ्या गलबतात बसून कायमची निघून जातात. बंदरावर चिटपाखरू उरत नाही.

त्याच महिन्यात दीपिका आली. वाणगावच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची पोर, शिकून पालघरला राहिलेली. मुंबईच्या मालिकावाल्यांनी तिला काम दिलं होतं की जुन्या सगळ्या कादंबऱ्या वाचायच्या आणि नव्या गोष्टीत त्या कुठे बसतात ते ठरवायचं. प्रकाशक कधीच बंद पडला होता. 'चौदाशे भरत्या'ची प्रत कुठेच मिळेना, म्हणून स्कूटर घेऊन सातपाटीत आली. पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढले. पहिल्या दहा पानांचे श्वास धरून काढले, मग सवय झाली. जमनेनं तिला तळलेली मांदेली वाढली.

"मी तीन ढीग करते आजी," दीपिका काटे काढत म्हणाली. "घडलं, घडलं असेल, आणि घडलंच नाही. पहिल्या ढिगातली पुस्तकं नवीन छापणार. मालिकेतले लोक पुढे लिहिताना तीच खरी धरणार."

"आणि तिसऱ्या ढिगातली?"

"ती… गोष्टीतून बाहेर."

"आमचं कुठल्या ढिगात हाय?"

"अजून नीट वाचायचंय. पण कादंबरी गोड आहे हो. त्या कोथिंबिरीपाशी मी थांबलेच."

जमनेनं तिच्या पानात अजून चार मांदेल्या टाकल्या.

दहा दिवसांनी, गुरुवारी, नीलेशच्या फोनवर दीपिकाचा निरोप आला. चष्मा लावून मंजुळा वाचायला बसली. एकनाथच्या तीन कादंबऱ्या 'घडलं असेल'मध्ये. उरलेली एक, 'चौदाशे भरत्या', 'घडलंच नाही'मध्ये. आजींना वाईट वाटेल, मलाही वाटलं, पण इलाज नाही, शनिवारी यादी मुंबईला जाते, असं पुढे होतं.

जमना दुपारी जेवली नाही. संध्याकाळी डबा उघडून बसली, तेव्हा मंजुळेच्यानं राहवेना. "काय एवढं गं वैनी? कुणी मेलं का?"

"तेच तर. घडलंच नाय म्हणजे तो परत आलाच नाय. मग काय झालं त्याचं?"

"मग घाल आता पुतळा. गवत मी आणते," मंजुळा बोलून गेली, आणि बोलल्यावर तिलाच चटका बसला. थोड्या वेळानं तिनं भाताचं ताट आणून जमनेसमोर ठेवलं आणि शेजारी बसली.

"त्या पोरीनं कारण काय लिवलंय?" जमनेनं विचारलं.

मंजुळेनं परत फोन काढला. "नवीन गोष्टीत बंदर दोन वर्षांनी उठतं. कादंबरीत कप्तान चौदाशे दिवसांनी येतो, म्हणजे तीन वर्षं दहा महिने. तो येतो तेव्हा बंदरावर कुणीच नाही, बायकोही नाही. त्यामुळे शेवट बसत नाही."

"काय दिवसांनी?"

"चौदाशे दिवसांनी."

"परत वाच."

"चौदाशे दिवसांनी, वैनी. बहिरी झालीस काय?"

जमनेनं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली. मंजुळा बघतच राहिली. शेवटचा घास गिळून जमना म्हणाली, "सकाळची पालघरची गाडी कितीची? त्या पोरीला दिवसाला एकच भरती येते वाटतं."

शुक्रवारी दोघी निघाल्या. जमनेला एकटीलाच जायचं होतं, पण मंजुळा म्हणाली, "एकटी जाशील आणि गाडीत भांडत बसशील, उतरायचं राहील." दोरी टोपलीत घातली, वर फडकं टाकलं. पालघरला उतरल्यावर बाजारातली एक ओळखीची म्हणाली, "काय आणलंय जमनाबाय?" जमना म्हणाली, "विकायचं नाय."

दीपिकाची खोली झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागदाची पट्टी लावलेली, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. कुठल्या वर्षी कुठलं गलबत गेलं, कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं आभाळातलं. दोघींना बघून दीपिका उठली, खुर्च्या रिकाम्या केल्या, आणि तोंड पाडून म्हणाली, "आजी, मी खूप प्रयत्न केला हो."

"बस तू," जमना म्हणाली. "पाणी पिते आदी. मग भांडते."

पाणी पिऊन झालं. जमनेनं विचारलं, "बाय, तू दर्या बघितलायस?"

"बघितलाय की. केळव्याला जातो आम्ही, सुट्टीला."

"किती वेळ असते तिथे?"

"दोन-तीन तास."

"मंग बरोबर हाय. तुझ्या वेळी तो एकदाच आला असल. आमच्याकडे दिवसातून दोनदा येते भरती. तुमच्या डोंगरात पाऊस जसा साताठ महिने गायब, तसा दर्या नाय. तो रोज दोनदा हजेरी लावते."

दीपिकानं वही उघडून बघितली. वहीतून मान वर करून म्हणाली, "पण कादंबरीत तसं कुठे लिहिलेलं नाही. दोनदा येते म्हणून. मी दोन वेळा वाचली."

मंजुळा म्हणाली, "ते कसं लिवणार? आमच्या ह्यांना वाटलं असल, हे काय सांगायचं? उद्या लिवायला लागायचं, माणसाला दोन पाय असतात म्हणून."

सातपाटीच्या माणसाचीच ही चूक. जे रोज पायाखाली येतं-जातं, ते कुणाला सांगायला हवं असं त्याच्या मनातही आलं नाही.

दीपिकाला पटलं होतं, दिसत होतं तिच्या तोंडावर. पण ती म्हणाली, "आजी, मला पटलं. पण मुंबईवाले म्हणतील, ते आभाळातलं बंदर आहे, सातपाटी नव्हे. तिथे दिवसाला एकच भरती असेल. मला पुस्तकातलाच आधार लागेल."

तेव्हा जमनेनं डोळे मिटले आणि पुस्तक म्हणायला लागली. पान कुठलं ते तिला सांगता आलं नसतं, पण वाक्य जसंच्या तसं आलं. "'अठ्ठावीस, कधी एकोणतीस गाठी झाल्या, की रुद्रसेन एक मोठी गाठ मारी. एक मोठी गाठ पुनवेची, पुढची अवसेची. चंद्र बंदरावरचाच होता, सातपाटीला असतो तसा.'"

"सातपाटी?" दीपिका चमकली. तिनं फोटो चाळले, एक पान मोठं करून बघितलं. "इथे 'आपल्याकडे असतो तसा' आहे."

"म्हणजे सातपाटीच," जमना म्हणाली. "दुसरं कुठे?"

मग तिनं फडकं काढलं. तिघींनी मिळून दोरी सोडली. खोलीत मावेना, म्हणून दार उघडून बाहेरच्या व्हरांड्यात नेली. झेरॉक्सवाला वर डोकावला, नाक दाबून परत गेला. दीपिका जमिनीवर उकिडवी बसली आणि एका मोठ्या गाठीपासून दुसऱ्या मोठ्या गाठीपर्यंत बोटानं मोजायला लागली. अठ्ठावीस. पुढची. एकोणतीस. पुढची. अठ्ठावीस.

"पुनवेपासून अवसेपर्यंत दिवस किती?" जमनेनं विचारलं. "हे तरी डोंगरात ठाव असल ना?"

"पंधरा," दीपिका हळू म्हणाली. "कधी चौदा." आणि मग एकदम, "म्हणजे पंधरा दिवसांत अठ्ठावीस! पुस्तकातच आहे ते! आजी, पुस्तकातच आहे!"

"मी कवाचं सांगते."

दीपिकाचं बोट पुढे सरकत होतं. एका ठिकाणी थांबलं. तिथे ओळीनं तीन गाठी वेगळ्या होत्या, जरा घट्ट, पुरुषी हातानं मारलेल्या. "ह्या वेगळ्या का?"

"त्या तीन माझ्या सासूच्या," जमना म्हणाली.

दीपिकानं वर बघितलं. आतापर्यंत तिला वाटलं होतं की पुस्तक वाचून कुणीतरी हौसेनं ही दोरी बनवली असेल. तिनं जमनेच्या बांगड्या बघितल्या, दोरी बघितली, आणि परत दोरीच बघितली. मग गाठीवरचं बोट तिनं उचलून घेतलं, झोपलेल्या माणसावरून घ्यावं तसं.

आत जाऊन तिनं हिशेब केला. भरती रोज पाऊण तास सरकते तेही धरलं. चौदाशे भरत्या म्हणजे सातशे चोवीस दिवस. बंदर उठतं सातशे तिसाव्या दिवशी.

"बसतं," ती म्हणाली. "तो पोचतो तेव्हा बंदर आहे. बायकोही आहे. सहा दिवस उरतात."

तिनं तिथल्या तिथे मुंबईला लिहिलं, फोटो जोडले, वाक्य जोडलं. तिघी फोनकडे बघत बसल्या. मंजुळेनं टोपलीतल्या पुडीतून चणे काढले. चणे संपत आले तेव्हा फोन वाजला. दीपिकानं बघितलं आणि हसत पुढे धरला. पडद्यावर नुसता एक अंगठा.

"हे काय?" जमना म्हणाली.

"हो म्हणाले."

जमना अंगठ्याकडे बघत राहिली. चाळीशीत सही शिकेपर्यंत तिनं स्वतः मच्छीमार सोसायटीच्या कागदांवर दुसरं काही उमटवलं नव्हतं. "एवढी शिकलेली माणसं मुंबईची," ती म्हणाली, "आणि अजून अंगठाच लावतात!"

दीपिकानं भिंतीवरची लाल चिठ्ठी काढली. हिरव्या चिठ्ठीवर लिहिलं आणि जमनेलाच दिली, लावा म्हणून. जमनेनं ती आधी लांब धरली, मग जवळ. हे अक्षर तिच्या पुस्तकातलं नव्हतं, तरी तिनं एकेक करून वाचलं. 'चौ-दा-शे भ-र-त्या. रुद्रसेन परत आला. घडलं.' पट्टीवर बोट ठेवून दीपिकानं जागा दाखवली. जमनेनं चिठ्ठी चिकटवली, आणि सुटू नये म्हणून तळहातानं बराच वेळ दाबून धरली.

"आता ह्याच्या पुढे काय हाय?" तिनं चिठ्ठीनंतरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ते सहा दिवस. ते कुणी लिहिलेलेच नाहीत. नव्या गोष्टीत नाहीत आणि जुन्यातही नाहीत. कादंबरी तो जेवायला बसतो तिथेच संपते. सहा दिवस रिकामे आहेत, आजी."

"आणि सातव्या दिवशी सगळी निघून जातात."

"हो. त्यात तो आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही."

परतीच्या गाडीत जमना एका शब्दानं भांडली नाही. मंजुळेला त्याचीच काळजी वाटली. घरी आल्यावर दोरी डब्यात गेली, वर पुस्तक, आणि झाकण लागलं. मग जमना ओट्यावर येऊन बसली, सासू बसायची तिथे. खाडीत पाणी चढत होतं. होड्या एकेक करून आत येत होत्या.

"मंजुळे," तिनं हाक मारली. "नीलेशच्या पोराची एक वही आण. पेन पण."

"कशाला?"

"ते सहा दिवस रिकामे हायत ना? मला वाचता येते, लिवता नाय. मास्तरीण कच्ची होती. मी सांगते, तू लिव."

मंजुळा वही घेऊन आली. चष्मा नीट केला, मांडी घातली. बायको दुसऱ्याची, नवरा दुसरीचा, बंदर आभाळातलं, आणि ह्या दोघी जावा सातपाटीच्या ओट्यावर त्यांच्या घरात काय शिजवायचं ते ठरवायला बसल्या.

"पयला दिवस," जमना म्हणाली. "झोपला. उठवायचा नाय कुणी."

"दिवसभर?"

"दोन वर्षं जागा होता तो. झोपू दे. दोन भरत्या झोपला, असं लिव. आणि खाली लिवून ठेव, दोन भरत्या म्हणजे एक दिवस. डोंगरातल्यांना कळायला पायजे."

मंजुळेनं लिहिलं. "दुसरा दिवस?"

"दुसऱ्या दिवशी मी दोरी दाखवते त्याला. आणि भांडते."

"तू? रुद्रसेनाची बायको ना?"

"तीच ती." जमनेनं बांगड्या मागे सारल्या. "भांडण पुरं लिवायचं. गाळायचं नाय काय. तिसरा दिवस पण भांडणातच जाईल."

"आणि सातव्या दिवशी काय करायचं गं वैनी? गलबत निघते तवा?"

खाडीतून एक होडी वळत होती. जमना ती धक्क्याला लागेपर्यंत बघत राहिली.

"ते त्याचं तो बघेल," ती म्हणाली. "आदी त्याला जेवू दे नीट. लिव, कालवण केलं. कोथिंबीर घातली नाय."